‘दाबून बघा’ला कोरियन भाषेत काय म्हणतात?

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची वही अलीकडे आमच्या हाती आली. आय.टी.आय. करून तो पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागला आहे. तिथली यंत्रे संगणकावरून चालतात आणि ती बसवून द्यायला आलेले अभियंते कोरियन आहेत. दुभाषा प्रत्येक वेळी हजर नसतो. तेव्हा कानावर पडलेली वाक्ये हा मुलगा वहीत टिपून ठेवू लागला. त्याने पानावर तीन रकाने आखले होते. पहिल्यात देवनागरीत लिहिलेला कोरियन उच्चार, दुसऱ्यात इंग्रजी अर्थ आणि तिसऱ्यात मराठी अर्थ. इंग्रजीच्या रकान्यात नुसती खाडाखोड होती. मराठीचा रकाना मात्र स्वच्छ होता. एका ओळीत लिहिले होते : ‘नुल्लॉ बोसेयो – दाबून बघा’. खाली शेरा होता : ‘शब्दाला शब्द!’

हाच मुलगा दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला होता. ‘भाषा हा याचा प्रांत नाही’ असे आम्हीच शिक्षकांच्या खोलीत म्हणालो होतो. म्हणून ही वही आम्हाला थोडी बोचली आणि ‘शब्दाला शब्द’ हे खरेच तसे आहे का, ते तपासून पाहावेसे वाटले. त्या तपासातून जे हाती लागले, ते या लेखात मांडत आहोत.

आधी थोडे उच्चाराबद्दल

कोरियन भाषेत संगणकाला ‘खॉम्फ्यूथॉ’ म्हणतात. शब्द इंग्रजीतूनच गेलेला आहे, पण ‘क’चा ‘ख’ आणि ‘ट’चा ‘थ’ झाला. याचे कारण असे, की कोरियनमध्ये ‘क’ या जागी तीन वेगळे ध्वनी आहेत. एक साधा व मऊ, दुसरा आपल्या ‘ख’सारखा महाप्राण आणि तिसरा ‘पक्का’ या शब्दातल्या ‘क्क’सारखा ताठर. ‘त’ आणि ‘प’ यांचेही तसेच. इंग्रजी बोलणाऱ्याला यातला फरक कानाने पकडायला महिने लागतात. आपल्याला निदान पहिल्या दोहोंतला फरक नवा नाही. ‘कार’ आणि ‘खार’ आपण पहिलीपासून वेगळे ओळखतो.

‘फाइल’ हा शब्द कोरियनमध्येही ‘फाइल’ असाच आहे. मात्र त्यातला ‘फ’ ओठ मिटून उच्चारायचा, जुन्या पिढीतली माणसे ‘फळ’ म्हणताना उच्चारतात तसा. वरचे दात खालच्या ओठाला लावून केलेला इंग्रजी ‘फ’ कोरियनमध्ये नाही.

अडचण आहे ती दोन स्वरांची. एक स्वर आम्ही येथे ‘ऑ’ असा लिहिला आहे; तो म्हणताना ओठांचा गोल करायचा नाही. दुसरा ‘उ’सारखा आहे, पण तोही ओठ पसरट ठेवून म्हणायचा. देवनागरीत त्याला खूण नसल्यामुळे आम्ही ‘उ’च लिहिला आहे. हे दोन उच्चार एखाद्या कोरियन माणसाकडून ऐकून घेतलेले बरे.

दिवा लावा, संगणक लावा

संगणक चालू करा, हे कोरियनमध्ये असे सांगतात : ‘खॉम्फ्यूथॉरुल ख्यॉसेयो’. यातला ‘रुल’ हा कर्माचा प्रत्यय आहे, आपल्या ‘ला’सारखा. इंग्रजीतली अव्यये नामाच्या आधी येतात; कोरियनमधले प्रत्यय मराठीप्रमाणे नामाच्या शेपटीला लागतात. ‘रो’ म्हणजे ‘ने’. ‘एसॉ’ म्हणजे ‘मध्ये’. कर्त्याला ‘गा’ किंवा ‘इ’ लागतो. आपण बोलताना ‘फाइलीला उघड’ न म्हणता ‘फाइल उघड’ म्हणतो. कोरियन माणसेही घाईत ‘रुल’ गाळून टाकतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हे आपल्याला वेगळे शिकायलाच नको.

आता ‘ख्यॉ’ हा धातू पाहू. हा मुळात दिव्याचा धातू आहे. मेणबत्ती, कंदील, विजेचा दिवा लावणे म्हणजे ‘ख्यॉदा’. पुढे रेडिओ आला, दूरदर्शन संच आला, संगणक आला आणि त्यांनाही तोच धातू चिकटला. मराठीतही हेच झाले आहे. आपण दिवा लावतो, तसाच रेडिओ लावतो, टी.व्ही. लावतो. संगणक बंद करण्यासाठी कोरियनमध्ये ‘क्कुदा’ हा धातू आहे. मेणबत्ती विझवणे, आग विझवणे, दिवा मालवणे, या सगळ्यांसाठी तोच वापरतात. म्हणजे कोरियन माणूस संगणक ‘विझवतो’! आपण संगणक मालवत नाही, बंद करतो. नव्या यंत्राला शब्द देताना भाषा नेहमी नवा शब्द घडवत नाही. घरातला जुना शब्द नव्या कामाला लावते. मात्र कोणता शब्द लावायचा, हे प्रत्येक भाषा आपले आपण ठरवते.

टंकन करण्याला ‘छिदा’ म्हणजे मारणे, ठोकणे हा धातू आहे. पियानो वाजवण्यालाही तोच. ‘वापरणे’ याला ‘स्सुदा’ म्हणतात आणि गंमत म्हणजे ‘लिहिणे’ यालाही ‘स्सुदा’च म्हणतात. ‘खॉम्फ्यूथॉरुल स्सॉयो’ म्हणजे संगणक वापरतो. ‘खॉम्फ्यूथॉरो गुरुल स्सॉयो’ म्हणजे संगणकाने मजकूर लिहितो. अर्थ प्रत्ययांवरून आणि संदर्भावरून कळतो.

संयुक्त क्रियापदांची जोडी

आता वहीतल्या त्या शेऱ्याकडे येऊ. मराठी व्याकरणात आपण संयुक्त क्रियापद शिकवतो : धातुसाधित अधिक सहायक क्रियापद. ‘क्रीडांगणावर मुले खेळू लागली’ हे आपले ठरलेले उदाहरण. विद्यार्थी ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. पण ‘खाऊन टाक’, ‘लिहून ठेव’, ‘करून बघ’, ‘आणून दे’ या जोड्यांशिवाय मराठी माणसाला दिवसभर बोलता येणार नाही. या जोडीत दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ जवळजवळ सोडून देते. ‘करून बघ’ म्हणताना डोळ्यांनी बघायचे नसते. प्रयत्न करायचा असतो.

हीच रचना कोरियनमध्ये आहे आणि सहायक क्रियापदेही बरीचशी तीच आहेत. चार उदाहरणे पाहू.

बोदा म्हणजे बघणे. ‘यॉगिरुल नुल्लॉ बोसेयो’ – इथे दाबून बघा. ‘नुल्लॉ’ म्हणजे दाबून, ‘बोसेयो’ म्हणजे बघा. संगणक अडला की जगभर जो पहिला सल्ला मिळतो, तो कोरियनमध्ये असा आहे : ‘क्कॉत्ता ख्यॉ बोसेयो’ – बंद करून परत लावून बघा.

दुदा म्हणजे ठेवणे. ‘फाइरुल जॉजांग्हे दुसेयो’ – फाइल साठवून ठेवा. पुढे उपयोगी पडेल म्हणून आत्ताच करून ठेवणे, हा अर्थ दोन्ही भाषांत ‘ठेवणे’मधून येतो.

जुदा म्हणजे देणे. ‘इगॉसुल गोछॉ जुसेयो’ – हे दुरुस्त करून द्या. काम दुसऱ्यासाठी करायचे असेल, तेव्हा ‘देणे’ येते. ‘दोवा जुसेयो’ म्हणजे मदत करा. शब्दशः ‘साह्य करून द्या’.

बॉरिदा म्हणजे टाकणे, फेकून देणे. ‘फाइरुल जिवॉ बॉर्यॉस्सॉयो’ – फाइल पुसून टाकली.

‘दुसेयो’ आणि ‘जुसेयो’ यांत एका अक्षराचा फरक आहे. ‘साठवून ठेवा’ आणि ‘साठवून द्या’ यांत जितका अर्थाचा फरक, तितकाच येथेही. मराठी विद्यार्थ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र प्रत्येक जोडीसाठी वेगळे वाक्य पाठ करावे लागते, कारण इंग्रजीत ‘दाबून बघणे’ नाही. तिथे ‘प्रयत्न करणे’ असे वेगळे क्रियापद आणावे लागते. त्या मुलाच्या वहीतली खाडाखोड नेमकी इथली होती. तो मराठीतून कोरियनकडे सरळ जाऊ शकत होता. इंग्रजीचा वळसा आपण त्याला घालायला लावला होता.

जोडी कुठे जुळत नाही?

सगळेच जुळते असे मानले तर फसगत होईल. ‘बिमिलबॉन्होरुल इजॉबॉर्यॉस्सॉयो’ हे वाक्य कोरियात नेहमी ऐकू येते. ‘बिमिल’ म्हणजे गुप्त, ‘बॉन्हो’ म्हणजे क्रमांक. दोन्ही मिळून पासवर्ड. वाक्याचा शब्दशः अर्थ होतो ‘पासवर्ड विसरून टाकला’. मराठीत ‘विसरून टाकला’ म्हटले तर मुद्दाम विसरल्यासारखे होते. आपण ‘विसरून गेलो’ म्हणतो. मराठी ‘टाकणे’त कर्त्याचा इरादा असतो, कोरियन ‘बॉरिदा’त काम पूर्ण झाल्याची भावना असते, मग ती सुटका झाल्याची असो वा हळहळीची. फाइल पुसून टाकली, हे सांगताना कोरियन माणूस खूश आहे की रडकुंडीला आला आहे, ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे.

आदरार्थी रूपांतही फरक आहे. मराठीत ‘लाव’, ‘लावा’, ‘लावावे’ अशी चढण आहे. कोरियनमध्ये मित्राला किंवा लहानाला ‘ख्यॉ’, साध्या सभ्य बोलण्यात ‘ख्यॉयो’, मान देऊन ‘ख्यॉसेयो’ आणि औपचारिक सूचनेत ‘ख्यॉशिप्शियो’. पण आपल्याकडे ‘तू–तुम्ही’ हा भेद समोरच्याशी बोलण्यापुरता असतो. कोरियनमध्ये ‘मी संगणक लावला’ हे विधानसुद्धा ऐकणारा कोण आहे, त्याप्रमाणे शेवट बदलते. नवशिक्याने शेवटी ‘यो’ लावण्याची सवय ठेवली, तर सहसा कोणाचा मान दुखावत नाही.

एक सवलतही आहे. कोरियन क्रियापदाला लिंग आणि वचन लागत नाही. ‘तो लावतो’, ‘ती लावते’, ‘ते लावतात’ या सगळ्यांसाठी एकच ‘ख्यॉयो’ पुरते.

हे साम्य आले कुठून?

मराठी आणि कोरियन या एका कुळातल्या भाषा नाहीत. मराठी भारत-युरोपीय कुळातली, म्हणजे वंशावळीने पाहिले तर ती कोरियनपेक्षा इंग्रजीला जवळची. मग रचना कोरियनशी का जुळते? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मॅसिका यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शब्दक्रम, ‘ऊन’सारखी धातुसाधिते, संयुक्त क्रियापदे अशी लक्षणे घेऊन ती कोणत्या भाषांत आढळतात याचे नकाशे मांडले. भारतातल्या आर्य आणि द्राविड अशा दोन्ही कुळांतल्या भाषांत ती आढळतात. इतकेच नव्हे, तर यांतली काही लक्षणे मध्य आशियातून पुढे कोरियन आणि जपानीपर्यंत पोचतात. याचा अर्थ असा, की भाषेची रचना केवळ कुळावर ठरत नाही. शेजाराचा परिणाम होतो. शिवाय क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत प्रत्यय नामामागे येणे, एका क्रियापदामागे दुसरे जोडले जाणे, या गोष्टी बहुधा एकमेकींच्या सोबतीने येतात.

पडद्यावरचे शब्द

लेखन-संपादनाच्या आज्ञा पाहिल्या तर हेच दिसते. कट या आज्ञेला कोरियन पडद्यावर ‘जाल्लानेगी’ असते. ‘जाल्ला’ म्हणजे कापून, ‘नेगी’ म्हणजे काढणे. पेस्ट म्हणजे ‘बुछॉनॉखी’ – चिकटवून घालणे. डाउनलोड म्हणजे ‘नेर्यॉबात्की’ – उतरवून घेणे. हे शब्द कोणा पंडिताने संस्कृतासारख्या अभिजात भाषेतून घडवलेले नाहीत. स्वयंपाकघरात आणि शेतात वापरायची क्रियापदे जोडून ते केले आहेत.

कोरियनमध्ये शब्दांचे तीन थर आहेत : देशी शब्द, चिनीतून आलेले शब्द आणि इंग्रजी शब्द. मराठीत देशी-तद्भव, तत्सम आणि इंग्रजी असतात, तसेच काहीसे. पुसून टाकणे याला बोलताना ‘जिवॉयो’ म्हणतात, पण पडद्यावर ‘साक्जे’ हा चिनी मूळचा शब्द असतो. साठवणे याचा ‘जॉजांग’ हा शब्दही तसाच. धान्य किंवा खाद्यपदार्थ साठवण्यालाही तो वापरतात. संगणकाला ‘सेम्थुल’, म्हणजे मोजणीचे यंत्र, असा शुद्ध देशी शब्द सुचवला गेला होता. तो रुजला नाही. अक्षराच्या वळणाला, म्हणजे फाँटला, ‘गुल्क्कोल’ हा देशी शब्द मात्र रुजला. संकेतस्थळाला ‘नुरिजिप’, म्हणजे जग-घर, हा शब्द सरकारी लेखनात दिसतो. बोलताना लोक इंग्रजीच वापरतात. ‘नेर्यॉबात्की’ही छापील वापरात जास्त दिसतो, तोंडी मात्र ‘डाउन’ला ‘घेणे’ जोडून केलेला अर्धा-इंग्रजी शब्द असतो. आपला ‘संगणक’ लेखात आणि ‘कॉम्प्यूटर’ बोलण्यात, तसेच हे.

ई-मेलच्या पत्त्यातल्या ‘ॲट’च्या खुणेला मात्र कोरियन लोकांनी स्वतःचे झकास नाव दिले आहे : ‘गोल्बेङ्-इ’, म्हणजे समुद्रातली खाण्याची गोगलगाय. खुणेचा आकार पाहिला की नाव आपोआप लक्षात राहते.

कळफलकावरचा भुताचा दिवा

कोरियन लिपीला हांगुल म्हणतात. राजा सेजोंग याच्या काळात १४४३ साली ती तयार झाली आणि १४४६ साली जाहीर झाली. आज तिच्यात १४ मूळ व्यंजने आणि १० मूळ स्वर आहेत. काही व्यंजनांचे आकार तोंडातल्या जिभेच्या स्थितीवरून घेतलेले आहेत. अक्षरे ओळीत सुटी लिहीत नाहीत. व्यंजन, स्वर आणि असल्यास शेवटचे व्यंजन मिळून एक चौकोनी ठोकळा होतो. आपली बाराखडी आणि जोडाक्षरे आठवा, म्हणजे कल्पना येईल.

प्रमाण कोरियन कळफलकावर व्यंजने डाव्या हाताला आणि स्वर उजव्या हाताला आहेत. भारतीय भाषांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर नेमके उलट आहे : स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. दोन्हींतले तत्त्व एकच. व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर असे लिहिताना दोन हात आळीपाळीने चालतात आणि वेग येतो.

कोरियन टंकलेखनात एक गमतीदार दृश्य दिसते. ‘हाना’ म्हणजे ‘एक’ हा शब्द लिहायचा आहे. ह, आ, न या कळा दाबल्या की पडद्यावर ‘हान्’ असा एक ठोकळा होतो. पुढची ‘आ’ची कळ दाबताच पहिल्या ठोकळ्यातला ‘न’ उडी मारून दुसऱ्या ठोकळ्यात जातो आणि ‘हा-ना’ होते. या उड्या मारणाऱ्या अक्षराला कोरियन लोक ‘तोक्केबिबुल’ म्हणतात. तोक्केबी म्हणजे भूत, बुल म्हणजे आग. आपल्याकडचा रानातला भुताचा दिवा!

हे ठोकळे संगणकात साठवायचे कसे, हा मोठा वाद होता. प्रारंभी येणारी १९ व्यंजने, २१ स्वर आणि शेवटी येणाऱ्या २७ शक्यता, अधिक शेवटी काहीच नसणे ही एक, यांचा गुणाकार करा : १९ × २१ × २८ = ११,१७२. १९८७ च्या कोरियन प्रमाणात यांपैकी नेहमी लागणारे फक्त २,३५० ठोकळे घेतले होते. उरलेले लिहायचे झाले, तर ते त्या प्रमाणात नव्हतेच. उदाहरणार्थ, ‘त्तोम’ हा ठोकळा. शेवटी १९९६ सालच्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वच्या सर्व ११,१७२ ठोकळ्यांना जागा मिळाली. आपल्याकडे १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलेल्या ‘इस्की’ या प्रमाणात वेगळी वाट होती. त्यात जोडाक्षरे साठवायची नाहीत, मूळ वर्ण साठवायचे आणि जोडाक्षराचा आकार आज्ञावलीने घडवायचा, असे ठरले. त्यामुळे एखादे जोडाक्षर ‘यादीत नाही’ म्हणून अडण्याचा प्रश्न तिथे आला नाही.

आपल्या लिपीतली आज्ञावली कोरियन लोकांना किती मोलाची वाटते, ते १९९८ साली दिसले. ‘आरेआ हांगुल’ ही शब्दसंस्करणाची देशी आज्ञावली १९८९ साली आली आणि घराघरांत पोचली. आर्थिक संकटाच्या काळात ती बनवणारी कंपनी अडचणीत आली. जून १९९८ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टकडून भांडवल घेऊन त्या बदल्यात ही आज्ञावली बंद करण्याचे जाहीर केले. लोकांनी मोठी चळवळ केली, पैसा उभा राहिला आणि करार मागे घेतला गेला. स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे १५ ऑगस्टच्या नावाने काढलेली विशेष आवृत्ती लोकांनी विकत घेतली. आधी आज्ञावलीच्या चोरट्या प्रती सर्रास वापरल्या जात होत्या, हेही यानिमित्ताने अनेकांच्या ध्यानात आले.

चौकट : रोजच्या वापरातली आठ वाक्ये

१. खॉम्फ्यूथॉरुल ख्यॉसेयो – संगणक लावा.
२. खॉम्फ्यूथॉरुल क्कुसेयो – संगणक बंद करा.
३. यॉगिरुल नुल्लॉ बोसेयो – इथे दाबून बघा.
४. फाइरुल जॉजांग्हे दुसेयो – फाइल साठवून ठेवा.
५. खॉम्फ्यूथॉगा नुर्यॉयो – संगणक हळू चालतो.
६. खॉम्फ्यूथॉगा मॉम्छ्वॉस्सॉयो – संगणक थांबला, अडकला.
७. इन्थॉनेशी आन द्वेयो – इंटरनेट चालत नाही. शब्दशः ‘होत नाही’.
८. वाइफाइ बिमिलबॉन्होगा म्वॉयेयो? – वाय-फायचा पासवर्ड काय आहे?

वर्गात करून पाहण्यासाठी

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचे नाव आहे. प्रत्येक शाळेत कोरियन शिक्षक येईल असे नाही. पण एक प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. फळ्यावर संगणकाच्या दहा आज्ञा इंग्रजीत लिहा. विद्यार्थ्यांना सांगा, की शब्दकोश न उघडता, आजीला समजेल अशा मराठीत त्या सांगा. ‘कापून काढ’, ‘चिकटवून टाक’, ‘उतरवून घे’, ‘जपून ठेव’ अशी उत्तरे येतील. मग विचारा : ‘उतरव’ आणि ‘उतरवून घे’ यांत फरक काय? ‘ठेव’, ‘टाक’, ‘बघ’, ‘दे’, ‘घे’ यांपैकी प्रत्येक कशाने अर्थ बदलते? तासाभरात संयुक्त क्रियापदाचा धडा पाठ न करता समजलेला असेल. त्यानंतर वरच्या चौकटीतली तिसरी आणि चौथी ओळ वाचून दाखवा.

त्या मुलाची वही आम्ही परत केली. इंग्रजीचा रकाना त्याने आता सोडून दिला आहे. इंग्रजी त्याला लागणारच आहे आणि ते तो स्वतंत्रपणे शिकतोही आहे. पण एका परक्या भाषेकडे जाताना आपली भाषा हा अडथळा नसून वाट असू शकते, हे त्याने आमच्या आधी ओळखले. ‘भाषा हा याचा प्रांत नाही’ हा आमचा शेरा चुकला होता. आम्ही त्याचे इंग्रजी मोजले होते आणि त्याला भाषा म्हटले होते.